बेबीचा पायगुण

६ फेब्रुवारी १९९६

ही वही आमच्या मास्तरांनी दिली. मास्तर म्हणजे माझे मालक, परतूरच्या शाळेत शिकवतात. "डॉक्टरीणबाईंनी आराम सांगितलाय आणि तुला आराम म्हणजे शिक्षा. माहेरी जाऊन भांडत बसशील, त्यापेक्षा लिहीत जा," म्हणाले. मी म्हटलं, मी कुठं भांडते? तर नुसतेच हसले. त्या हसण्यावरूनच भांडण झालं असतं, पण बस सुटून राह्यली होती.

सातवा लागला म्हणून पहिल्या बाळंतपणाला आले. शहागडच्या अलीकडं फाट्यावर बस सोडते, तिथं बद्रीदादा गाडी जुंपून उभा होता. दारात मायनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. बरं वाटलं. लगेच मागं वळून म्हणली, "बेबी, उन्हात नको उभी राहू, आत हो." दोन बसा बदलून आले मी, पोटुशी मी, आणि ऊन लागून राह्यलं बेबीला!

बेबी म्हणजे बेबीनंदा, माझी धाकटी बहीण, वीस वर्षांची. ती या घरची देवी कशी झाली ते एकदाच लिहून टाकते, म्हणजे पुन्हा पुन्हा जळफळायला नको. शहात्तर साली बापू दोन वर्षं विहीर खोदून राह्यले होते, टिपूस न्हाई. बेबी जन्मली त्याच दिवशी पाणी लागलं. झालं! पोरीचा पायगुण. तेव्हापासून पेरणीची पहिली मूठ बेबीची, नवा बैल ओवाळायचा बेबीनं, मोसंबीची बाग लावली तर पहिलं रोप बेबीच्या हातचं. बद्रीदादा थोरला, लेक असून उन्हातान्हात राबतो, त्याचं कुठं नाव न्हाई. आणि मी जन्मले बहात्तरच्या दुष्काळात. बापू मला कधी वाईट बोलले न्हाईत, खोटं कशाला लिहू. फक्त पेरणीच्या दिवशी मला मावशीकडं धाडायचे, दरवर्षी. मला वाटायचं, मावशीला माझी किती माया! दहा वर्षांची झाले तेव्हा मावशीच्याच तोंडून खरं कारण कळलं.

असो. आता मी परतूरची. मला काय करायचंय.

१५ फेब्रुवारी

करायचंय न्हाई कसं! सकाळी मायनं दुधावरची साय काढली. वाटी माझ्याच दिशेनं येऊन राह्यली होती. मी हात पुढं केला, तर वाटी डोक्यावरून गेली. "बेबी, घे गं."

वहिनी, म्हणजे बद्रीदादाची बायको, चुलीपुढं बसली होती. तिनं फुंकणी बाजूला ठेवून माझ्याकडं बघितलं. तिला सगळं कळतं, बोलत न्हाई.

माय गोठ्याकडं गेल्यावर बेबीनं वाटी माझ्यापुढं सरकवली. मी म्हटलं, मला नको तुझं उष्टं. ती म्हणली, "उष्टं कुठंय अक्का, बोट पण न्हाई लावलं." एकदम बिलकुल नको म्हणून तोंड फिरवलं मी. मंग खाल्ली. पोटातल्यासाठी खाल्ली.

२४ फेब्रुवारी

बेबीला बघायला पाव्हणे आल्ते, पार पिंपळगाव रेणुकाईहून. मुलाचं नाव श्रीपती. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. बोटांना काळं लागलेलं, घासून घासून धुतलं असणार, तरी नखांत राह्यलेलंच. पोहे खाल्ल्यावर बशी उचलून स्वतःच आत ठेवायला निघाला, त्याच्या चुलत्यानं हाताला धरून बसवलं. मला आवडला. आमच्या मास्तरांनी आजपर्यंत बशी उचलली न्हाई.

चुलता म्हणला, मुलीला काही विचारायचं का? या पोरीनं खाली बघतच विचारलं, "तुमच्याकडं शेत हाय का?"

श्रीपती म्हणला, "न्हाई. होतं ते चुलत्यांकडंच हाय. माझं नुसतं दुकान."

शेत न्हाई म्हटल्यावर कुणाचंही तोंड पडतं. हिचं खुललं! मी दाराआडून बघून राह्यले होते, स्वतःच्या डोळ्यानं बघितलं. येडी आहे का काय.

पाव्हणे गेल्यावर बापू म्हणाले, "शेत न्हाई त्याला. नको." बेबी कपबशा आवरायला लागली, तर मायनं त्याही हातातून काढून घेतल्या. हे पाचवं स्थळ. पहिल्याचं नाक मोठं. दुसऱ्याची आई फार बोलते. तिसरा फार लांब. चौथ्याला चाळीस एकर होती, तर म्हणे एवढ्या बारदान्यात आपली पोर राबून मरंल. चाळीस एकरवाला नको आणि बिनशेताचाही नको, मंग काय इंद्राच्या दरबारातून आणायचा? मला बघायला आले तेव्हा मास्तरांनी अजून पाणीसुद्धा पिलं नव्हतं, बापू हो म्हणून मोकळे झाले होते.

लाडकीला साजेसा नवराच जगात न्हाई, दुसरं काय.

३ मार्च

संध्याकाळी बागेत बसले होते. मोसंबीची पानं द्रोणासारखी वळलीत, विहिरीनं तळ गाठलाय. बेबी शेजारी येऊन बसली आणि भलतंच विचारायला लागली.

"अक्का, परतूरला तू बाजारात एकटी जातीस?"

"जाते की."

"सांगून जातीस?"

"सांगायचं काय त्यात? पिशवी घेतली की निघाले."

"आणि घरी काही झालं, म्हणजे दूध नासलं, न्हाईतर कुणी पडलं, तर तुझ्या सासूबाई काय म्हणतात?"

"काय म्हणणार? मांजर बघ म्हणतात."

तर ही हसतच सुटली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मंग म्हणली, "तुझं बरंय, अक्का." मला असा संताप आला! साय हिला, ऊन लागतं हिला, आणि माझं बरंय? उठून घरात आले. चेष्टेलाही काही हद्द असते.

१२ मार्च

बापूंनी बोअर मारायचं ठरवलं. पाणाड्या आल्ता. पाण्याची जागा सांगायला लिंबाचा फोक घेऊन बाग हिंडला, दोन जागा सांगितल्या. दोन्हींतली कोणती? बापूंनी बेबीला चप्पल काढायला लावली आणि म्हणाले, चाल. उन्हात फुफाटा नुसता तापलेला. बेबी दहा-बारा पावलं चालली आणि उभी राह्यली. पाय भाजले म्हणून उभी राह्यली, मला बांधावरून दिसत होतं. बापूंनी तिथंच खुंटी ठोकली.

आज मला तपासायला अंबडला न्यायचं होतं. बेबी म्हणली, मी येते अक्कासंगं. बापू म्हणाले, "न्हाई. बोअर होईस्तोवर तू गावाबाहेर जायचं न्हाई." दोन वर्षांमागं ती एकदा मामाकडं दोन दिवस राह्यली आणि इकडं म्हैस दगावली. ते अजून सांगून राह्यलेत. जालन्याच्या कॉलेजात नाव घालायचं तेही त्याच पायी राह्यलं. म्हणजे बघा, किती जीव! डोळ्यांआड होऊ देत न्हाईत. मी दीड वर्ष झालं परतूरला आहे, इथली एकही म्हैस मेली न्हाई.

हे लिहिताना हसून राह्यले होते. आता न्हाई हसू येत.

२० मार्च, पाडवा

मायनं गुढीला साखरगाठी बांधली. मंग माझ्या पोटावर हात ठेवून म्हणली, "चांगल्या येळंला होऊ दे गं देवा." माझ्याकडं न बघता. मला समजलं तिला काय म्हणायचं होतं.

खरं लिहिते, ही वही कुणी वाचणार न्हाई. मला मुलगा-मुलगी, काळंगोरं कशाची भीती न्हाई. हे पोटातलं माझ्यासारखंच भलत्या दिवशी जन्मलं तर? बाग वाळली त्या दिवशी जन्मलं तर? बोअर अकरा एप्रिलला ठरलाय आणि डॉक्टरीणबाईंनी मला वीस तारीख दिलीये. बोअर कोरडा गेला तर नऊ दिवसांनी येणाऱ्याला कुणी ओवाळणार न्हाई. मास्तरांना पत्रात लिहिलं तर ते म्हणतील, शिकलेली ना तू? आहे शिकलेली. दहावी पास आहे. तरी बोटांवर दिवस मोजून राह्यले.

१० एप्रिल

बोअरची गाडी आली. घराएवढी, मागं कॉम्प्रेसरची दुसरी. बापू दिवसभर आत-बाहेर करून राह्यले. नारळ, हळदकुंकू, बेबीचं नवं पातळ, सगळं काढून ठेवलं. गाडी उद्या सकाळपुरतीच आहे, दुपारी घनसावंगीकडं जाणार. बागेचं आता उद्यावर आहे.

माझी कंबर सकाळपासून दुखून राह्यली आहे. कुणाला बोलले न्हाई. आजचा दिवस तो न्हाई.

१५ एप्रिल

मुलगी झाली! चार दिवस लिहायला उसंत न्हाई. अंबडच्या दवाखान्यातून काल घरी आले. आता सगळं बराबर लिहिते.

अकराला उजाडता उजाडता कळा सुरू झाल्या. शेजारच्यांची जीप बोलावली. मी मायला म्हटलं, तू चल. मायचे हात हळदीनं भरलेले. म्हणली, "बोअरची पूजा कोण करंल? वहिनी हाय संगं. पहिलटकरणीला येळ लागतो, मी दुपारच्याला येते." बरोबरच आहे म्हणा. गाडी एकदा गेली की पुन्हा महिनाभर यायची न्हाई. मी काही रडले-बिडले न्हाई.

बेबी नवं पातळ नेसून, हातात नारळ घेऊन ओसरीवर उभी होती. जीप चालू झाली आणि ती तशीच येऊन माझ्या शेजारी चढली. बापू धावत आले. "बेबी, उतर. नारळ तुझ्या हातानं फुटायचाय."

ती म्हणली, "मी अक्कासंगं चाललेय."

"उतर म्हणतो ना!"

तिनं ड्रायव्हरला सांगितलं, चला. बापूंपुढं ती असं बोललेली मी जन्मात ऐकली न्हाई. वहिनीनं माझा हात एवढा घट्ट दाबला की कळेपेक्षा तोच जास्त दुखला. नारळ आमच्यासंगं दवाखान्यात आला आणि तिथल्या खिडकीत तसाच पडून राह्यला. तिकडं मायनं देवघरातला दुसरा फोडला म्हणे.

दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी पोरगी झाली. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं, सकाळपासून मला दुसरं बघायलाच काही नव्हतं, त्यामुळं मिनिटसुद्धा चुकायची न्हाई.

तीनच्या सुमाराला बद्रीदादा फटफटीवर आला, डोक्यापासून पायापर्यंत चिखल. "पाणी लागलं! साडेदहाला! एकशे ऐंशी फुटावर, तीन इंच!" मंग त्याला आठवलं आपण कुठं आलोय ते. "इकडं काय झालं?"

बेबीच्या मांडीवर बाळ होतं. ती म्हणली, "मुलगी. साडेदहालाच झाली, दादा. इकडंही बराबर साडेदहालाच."

मी तोंड उघडलं. बेबीनं पटकन चमचाभर पाणी माझ्या तोंडात ओतलं. वहिनी भिंतीकडं तोंड करून उभी राह्यली, तिचे खांदे हलून राह्यले होते.

दादा आला तसा उलट पळाला. पाचला बापू आणि माय आले. बापूंनी बाळाचे दोन्ही पाय उचलून कपाळाला लावले. मंग माझ्या उशाशी बसले आणि डोक्यावर हात ठेवला. खरखरीत हात. म्हणाले, "सगुणा, तू घराचं सोनं केलंस." मी चोवीस वर्षांची आहे, असं कधी झालेलं मला आठवत न्हाई.

तेव्हा मी कशाला बोलू? खोटं मी बोलले न्हाई. मी नुसती गप्प बसले.

१८ एप्रिल

साय माझ्याकडं! डिंकाचे लाडू माझ्याकडं! माय अंग चोळून देते, अंघोळीचं पाणी काढून देते. बापू सकाळी बागेत जाण्याआधी बाळाचं तोंड बघतात, मंगच चप्पल घालतात. गावातले लोक येऊन पाया पडून जातात, सात दिवसांच्या पोरीच्या. मला हसूही येतं आणि असं वाटतं की गावभर ओरडून सांगावं, बघा, माझी आहे, बहात्तरच्या पोरीची लेक आहे ही!

बेबीला उन्हात बाहेर जाताना आज कुणी हाक मारली न्हाई. सरपण घेऊन आली, केसांत काड्या, नाकावर घाम. मला वाटलं, आता कळेल बाईसाहेबांना. तर ती गाणं गुणगुणत होती.

२३ एप्रिल

काल बारसं झालं. गंगा नाव ठेवलं. पाळण्याची दोरी बापूंनी स्वतः बांधली.

जेवणं झाल्यावर बापू दादाला म्हणाले, "पिंपळगावच्या पाव्हण्यांना निरोप धाड. पोरगं चांगलं हाय." मी चाट! त्याला शेत न्हाई ना? विचारलं तर म्हणाले, "हुन्नर हाय की त्याच्या हातात." नात झाल्याच्या आनंदात माणूस बदलतं म्हणतात, ते खरं असावं.

बेबी आत गेली आणि कणगीला टेकून ढसाढसा रडली. मी म्हटलं, नसलं मनात तर तसं सांग. तर माझ्या गळ्यात पडली आणि "हाय मनात, हाय मनात" म्हणून अजूनच रडायला लागली. त्या सायीच्या वाटीपासून मला या पोरीचं काही कळेनासं झालंय.

२० मे

काल बेबीचं लग्न लागलं. गाडीत बसताना सगळ्यांना सोडून माझ्यापाशी आली, माझ्या मांडीवरच्या गंगाला बघितलं आणि कानात म्हणली, "अक्का, मला माफ कर. तू लवकर जा. पोरीला घिऊन लवकर जा परतूरला."

मी म्हटलं, "मी कशाला पळू? जन्मात पहिल्यांदा सुखात बसलेय."

ती काहीतरी बोलणार होती, पण मागनं माणसं ढकलून राह्यली होती. श्रीपतीनं तिची पेटी स्वतः उचलून गाडीत ठेवली.

बेबी गेल्यावर मायला रडू आलं, पण थोडंच. लगेच म्हणली, "गंगी कुठंय? वाऱ्यात नको ठेवू."

२ जून

गंगाला दीड महिन्याची लस द्यायची राहून गेलीये. मी म्हटलं, उद्या अंबडला नेते. बापू म्हणाले, "पेरणी होईस्तोवर तिला गावाबाहेर न्यायचं न्हाई."

मी म्हटलं, दोन तासांत परत येते.

"न्हाई म्हणलं ना."

आवाज मोठा नव्हता. बेबीला सांगायचे तसाच होता. मी पेनाचं टोपण लावून ठेवलं होतं, पुन्हा काढून लिहिते: बेबीला सांगायचे तसाच.

८ जून

बोअरचं पाणी आहे म्हणून कपाशी लवकर लावली. दहाच्या उन्हात गंगाला शेतात नेलं. बापूंनी तिच्या मुठीत सरकीचा दाणा धरवला. दोन महिन्यांचं लेकरू ते, मूठ सोडेना. दाणा पडेना. बापू तिची बोटं एकेक करून उलगडून राह्यले होते, ती लालबुंद होऊन रडून राह्यली होती, आणि माय म्हणत होती, "हौ, हौ, झालं, झालं, एकच दाणा." मी हिसकावून घ्यायला पुढं झाले तर दादानं मला धरलं. "थांब सगुणा, जल्दी होतंय," म्हणला. त्याचा चेहरा बघवत नव्हता. त्याला त्या साडेदहाचं सगळं माहीत असणार, वहिनीनं सांगितलंच असेल.

घरी आणल्यावर तिच्या गळ्याखाली घामोळ्या उठल्या. आता निजलीये. मी बसून बसून बेबीचं एकेक बोलणं आठवून राह्यले. बाजारात एकटी जातीस का. दूध नासलं तर काय म्हणतात. तुझं बरंय अक्का. चाळीस एकरवाला नको, बिनशेताचाही नको.

लाडकीला साजेसा नवरा न्हाई म्हणून न्हाई! लाडकी घराबाहेर गेली की पाणी जाईल म्हणून! मी एवढी शहाणी, वही भरून लिहून राह्यले, आणि हे मला दिसलं न्हाई. मला फक्त साय दिसली.

आणि बेबीनं काय केलं? सुटली. माझ्या लेकराला तिथं बसवून सुटली. दुपारभर तिला शिव्या घातल्या. मंग शिव्या संपल्या. मी तिच्या जागी असते तर साडेदहा काय, बोअरच्या मिनिटाला मिनिट जुळवून सांगितलं असतं. आणि गप्प कोण बसलं होतं?

११ जून

शाळा उघडल्या. मास्तर शनिवारी न्यायला येतायत असं पत्र आलं. मायला सांगितलं. ती शेंगा फोडत होती. हात न थांबवता म्हणली, "तू जा की. पण आणखी तीन-चार महिने राह्यलीस की दूध तुटंल, मंग जा. गंगी राहील हितं."

मी म्हटलं, "हितं? म्हणजे किती दिवस?"

"किती दिवस म्हंजे? वाढू दे हितंच. बागंला पाणी हाय, तिला काय कमी हाय?"

"माय, माझी पोरगी आहे ती."

तेव्हा तिनं वर बघितलं. प्रेमानंच बघितलं, तेच वाईट. "तुला दुसरं होईल की गं," म्हणली.

१५ जून

मास्तर आले. बापूंनी त्यांना बागेत नेलं, बोअर चालू करून दाखवला, तीन इंचाची धार दाखवली. आणि सांगितलं, नात इथं राहील, तिच्या नावानं सगळं चाललंय. मास्तर परत आले आणि मला म्हणाले, "मामांचं मन कसं मोडायचं? मोठ्या माणसांचा जीव जडलाय. काही वर्षांचा तर प्रश्न आहे." शाळेत चाळीस पोरांना दरडावतात हे!

मी म्हटलं, तुम्ही नका मोडू. मी मोडते.

नुसतं घेऊन निघावं, तर बापू उद्या बैल आजारी पडला की परतूरला येऊन उभे राहतील. तसं न्हाई चालायचं. मास्तरांना जन्माची नोंद करायला दवाखान्याचा कागद हवा होता. पेटीतून काढला. त्यावर छापल्यासारखं लिहिलंय, जन्मवेळ दुपारी १.४०. बेबी आता पिंपळगावात आहे, तिला कुणी परत आणून उभी करू शकत न्हाई. आणि बोअरला पाणी लागलं तेव्हा ती तिथं नव्हतीच.

हा कागद उद्या दाखवला की साय संपली. डोक्यावरचा हात संपला. मला माहीत आहे. दोनदा पेटीत ठेवला, दोनदा काढला.

१७ जून, परतूर

काल सकाळी बापू ओसरीवर गंगाला मांडीवर घेऊन बसले होते. मी कागद त्यांच्या पुढ्यात धरला.

"बापू, ही दुपारी एक चाळीसला झाली. पाणी लागून तीन तास झाल्ते तेव्हा. डॉक्टरीणबाईंची सही आहे."

बापूंनी चष्मा लावला. वाचलं. "बेबी तर म्हणली..."

"बेबीला मीच तसं सांगायला लावलं." हे खोटं. मी जन्मात एवढं चांगलं खोटं बोलले न्हाई.

"का?"

"तुम्ही माझ्या लेकराकडं बघावं म्हणून." हे मात्र खरं होतं. तोंडातून निघाल्यावर मलाच कळलं.

माय स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राह्यली होती. बापूंनी कागद पुन्हा वाचला, बोटानं आकडा धरून. मंग म्हणाले, "बेबी नव्हती तिथं. ही न्हाई. मंग पाणी कुणाच्या पायानं लागलं?"

मी म्हटलं, "त्या मशीनच्या पायानं लागलं, बापू! एकशे ऐंशी फूट खोदलं म्हणून लागलं!" असा आवाज चढला माझा की गोठ्यातून दादा धावत आला. मास्तर चपला घालून अंगणात उभे होते. मला वाटलं आता मार बसतो. बसला असता तरी चाललं असतं.

बापू ओरडले न्हाईत. मांडीवरच्या गंगाकडं बघितलं त्यांनी. ती त्यांच्या सदऱ्याचं बटण धरून त्यांच्याशी आपली बोलून राह्यली होती, अगं, अगं करून.

मास्तरांनी आज विचारलं, "गंगाला सोडवून आणल्याचा तुला आनंद झालेला दिसत न्हाई?" आनंद झालाय. लस उद्याच देणार आहे. पण मास्तरांना जे सांगितलं न्हाई ते इथं लिहिते. कागद पुढं करताना मला मनातून वाटलं होतं की बापू वाचतील, घडी करतील आणि म्हणतील, असू दे, तरी राहू दे तिला माझ्यापाशी थोडा वेळ. एवढं म्हटले असते तर मी तिला ठेवून आले नसते, पण सारखी तिकडं घेऊन गेले असते. मी वाट बघत उभी होते.

बापूंनी तिची बोटं बटणावरून सोडवली आणि तिला घोंगडीवर खाली ठेवलं.

"मंग घिऊन जा," म्हणाले.